पाणमांजर परत येतं का?

माझ्या सगळ्यात आवडत्या लेखकाचा वाढदिवस मी चक्क एक महिना आधी साजरा केला. मनातल्या मनात केला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण मी बायकोला शिरा करायला लावला, मुलीचा टीव्ही बंद केला, पुस्तकाच्या मागच्या बाजूला लेखकाचा बोटभर फोटो होता त्याच्यासमोर निरांजन लावलं आणि दोन वाक्यांचं भाषणही केलं. लेखक तोपर्यंत वारले होते, त्यामुळे त्यांच्याकडून काही तक्रार आली नाही.

लेखकाचं नाव सांगत नाही. ज्यांनी लहानपणी त्यांना वाचलंय ते ओळखतील, आणि ज्यांनी वाचलं नाही त्यांना नाव सांगून काय होणार? मराठीत अद्भुत कादंबऱ्या लिहिणारे जे थोडे लोक झाले त्यांतले ते एक. त्यांची उलट्या नदीची कादंबरी मी अकराव्या वर्षी वाचली. त्या नदीचं पाणी समुद्राकडून डोंगराकडे जातं. एक मुलगी आपलं वाहून गेलेलं गाव शोधत तिच्या काठाकाठाने निघते, आणि तिला वाट दाखवायला एक पाणमांजर असतं. म्हातारं, एका कानाचं, चिडकं. बोलतं, पण फार नाही.

वाढदिवसाची कल्पना मला ऑफिसात सुचली. चौदा वर्षं सरकारी नोकरी करून मी पेजर विकणाऱ्या एका कंपनीत शिरलो होतो. पेजर हेच देशाचं भविष्य आहे अशी माझी तेव्हा खात्री होती; माझ्या बाकीच्या अंदाजांची कल्पना यावरून यावी. आर. के. पुरमचं क्वार्टर सोडून आम्ही यमुनेपलीकडे नोएडात, एका नव्या सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर राहायला आलो. लिफ्टसाठी जागा सोडलेली होती, लिफ्ट यायची होती. कंपनीत सगळे सगळ्यांना नावाने हाक मारायचे, आणि ज्याचा वाढदिवस असेल त्याच्यासाठी दुपारी चार वाजता केक यायचा. सरकारात माझ्या जन्मतारखेचा उपयोग एकच, निवृत्ती कधी ते काढणं. इथे ज्या माणसाचं नाव मला कधी लक्षात राहिलं नाही त्याच्यासाठीही मी दोनदा टाळ्या वाजवल्या होत्या. मग ज्यांचं एक अख्खं पुस्तक लक्षात आहे त्यांच्यासाठी का नाही?

त्याच सुमारास पुण्याच्या भावाने जुन्या पुस्तकांचं खोकं पाठवलं. त्यात ती कादंबरी निघाली. वेष्टनाच्या आतल्या घडीवर लेखकाची माहिती होती: जन्म, कार्तिक वद्य षष्ठी. इंग्रजी तारीख नाही. मी स्वयंपाकघरात गेलो. भिंतीवर सेक्टरच्या हलवायाने दिलेलं हिंदी कॅलेंडर होतं. कार्तिक कृष्ण षष्ठी, शनिवार, म्हणजे चारच दिवसांवर. मी खूश झालो. एवढं सोपं काम आयुष्यात क्वचितच झालं होतं.

त्या शनिवारी घर दिवाळीच्या साफसफाईने उलटं झालेलं होतं. गाद्या गॅलरीत, भांडी पलंगावर, बायको स्टुलावर चढून पंखा पुसतेय.

"अहो, ज्यांना जाऊन इतकी वर्षं झाली त्यांचा वाढदिवस दिवाळीनंतर केला तर चालणार नाही का?"

"वाढदिवस आहे तेव्हा आहे," मी म्हणालो. "तो काय आपल्या सोयीने येतो?"

हे वाक्य मला पुढे महागात पडलं.

तर शिरा झाला, निरांजन लागलं, आणि मी पहिला अध्याय मोठ्याने वाचायला घेतला. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची. ती मांडी घालून बसली आणि तिसऱ्या वाक्याला म्हणाली, "बाबा, तो पार्ट कधी येणार?"

"कोणता?"

"अरे यार, पाणमांजर परत येतो तो."

तिला गोष्ट माहीत होती, कारण ती मीच सांगितली होती. आर. के. पुरमला असताना स्कूटरवर ती माझ्या पुढ्यात उभी राहायची, आणि सरोजिनी नगरच्या बाजारापर्यंत जायला जितका वेळ लागेल तितकं पाणमांजर रोज पुढे सरकायचं. नदीला बांध घातलेला असतो, त्याचं दार धरून ठेवायला पाणमांजर मागे राहतं, मुलगी सुटते, सगळ्यांना वाटतं ते बुडालं. आणि मग पहाटे ते येतं. निथळत, तोंडात मासा, आणि म्हणतं, "जेवायचं काय आहे?" इथे ती दर वेळी टाळ्या वाजवायची आणि माझं हँडल हलायचं. पुढे तर पाणमांजर आमच्याबरोबर बाजारातही आलं. घासाघीस करून त्याने स्वेटर घेतला. एक बाही जास्त लांब निघाली म्हणून परत करायला गेलं.

शाळेत तिने 'माझा आवडता प्राणी' म्हणून पाणमांजरावर हिंदीत निबंध लिहिला होता. बाईंनी विचारलं, हे काय असतं? ती म्हणाली, जे नेहमी वापस येतं ते. बाईंनी तिला दहापैकी सहा दिले.

त्यामुळे त्या शनिवारी तिला पुस्तकाकडून एकच गोष्ट हवी होती. पाणमांजर परत येतं ते खऱ्या पुस्तकात कसं लिहिलंय, ते तिला ऐकायचं होतं. मी म्हटलं, क्रमाने वाचायचं, तो मान असतो लेखकाचा. तीन अध्याय झाले, शिरा संपला, गाद्या आत घ्यायची वेळ झाली. उरलेलं नंतर वाचू असं ठरलं.

सोमवारी मी पुस्तक ऑफिसला नेलं. आमची चार्टर्ड बस होती, नोएडाहून नेहरू प्लेसला जाणारी. मागच्या बाकांवर ब्रीफकेस गुडघ्यांवर आडवी ठेवून रमी चालायची. मी खिडकीशी बसून पुढचे अध्याय वाचत होतो. पाणमांजर येताच मला एकट्याला हसू आलं. इतक्या वर्षांनीही ते तसंच चिडकं होतं.

नवव्या अध्यायात बांध आला. पाणमांजर दाराला पाठ लावून उभं राहतं आणि मुलीला म्हणतं, "हो पुढे. मी दार लावून येतो." मुलगी पुढे होते. अध्याय संपतो.

दहाव्यात मुलगी संध्याकाळी जेवायला दोन पत्रावळी मांडते. अकराव्यात पुन्हा दोन. बाराव्यात एक.

मी पुस्तक शेवटपर्यंत चाळलं. मग उलटं चाळलं. पानांचे आकडे तपासले, मधलं एखादं पान गळलंय का ते पाहिलं. सगळी पानं जागेवर होती. पाणमांजर परत येत नव्हतं. निथळत नाही, मासा नाही, जेवायचं काय आहे नाही. मागच्या बाकावर कुणीतरी पत्ते टाकून "शो!" म्हणून ओरडलं.

लहानपणी हे वाचून मी दोन दिवस जेवलो नव्हतो, असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मला काहीच आठवत नव्हतं. मासा तोंडात घेऊन आलेलं पाणमांजर लेखकानेच लिहिलंय अशी माझी शंभर टक्के समजूत होती. बस यमुनेच्या पुलावर पोचली तेव्हा कुठे आठवलं. माझी मुलगी चार वर्षांची होती, टायफॉइडने अंथरुणावर. चौदावा की पंधरावा दिवस. मी गोष्ट सांगत होतो, बांधाचं दार आलं, मी थांबलो. तिने उशीवरून मान उचलून विचारलं, "मग?" आणि मी म्हणालो, मग ते परत आलं. त्या वेळी दुसरं काही म्हणणं शक्य नव्हतं. ती बरी झाली, आम्ही तिचं पथ्य सोडलं, पाणमांजर मात्र राहिलं.

संध्याकाळी मी बायकोला सांगितलं. ती चकलीची भाजणी चाळत होती.

"मग तेवढं वाचू नका," ती म्हणाली.

"अगं, ती तेवढंच ऐकायला बसलीय."

"मग वाचा."

"आणि पाणमांजर?"

"ते मी नाही आणलं घरात," ती म्हणाली आणि चाळणी झटकली.

पुढचे काही दिवस मी फराळाच्या नावाखाली वाचन टाळलं. मुलगी रोज विचारायची. मी म्हणायचो, आज लाडू आहेत, आज कंदील आहे, आज ऑफिसात उशीर झाला. ऑफिसात उशीर झालेला नसायचा. मी सोसायटीच्या फाटकाशी उभा राहून चौकीदाराशी हवेबद्दल बोलत असायचो.

पाडव्याला बायको मला ओवाळत होती. कुंकू लावलं, तबक दोनदा फिरवलं, आणि तिसऱ्यांदा फिरवताना मध्येच थांबली.

"आज पाडवा, म्हणजे कार्तिक आजपासून लागला ना?"

"हो."

"मग कार्तिकातली वद्य षष्ठी दहा दिवसांपूर्वी कशी होऊन गेली?"

मी पाटावर बसलेलो. तोंडावर निरांजनाचा उजेड. पळायला जागा नाही. लहानपणापासून मला माहीत आहे की लक्ष्मीपूजन आश्विनात येतं. शाळेत पाठ केलंय. पण हलवायाचं कॅलेंडर उत्तरेचं. इथे महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला, त्यामुळे आपला आश्विन वद्य चालू असतो तेव्हा यांचा कार्तिक सुरू झालेला असतो. दिल्लीत सोळा वर्षं काढून मला एवढं कळायला हवं होतं. आमच्या ओळखीतल्या एका मराठी गृहस्थांनी असंच पाहून वडिलांचं श्राद्ध भलत्या महिन्यात केलं होतं, आणि तेव्हा मी त्यांना हसलो होतो.

"वाढदिवस आहे तेव्हा आहे," बायको म्हणाली. "तो काय आपल्या सोयीने येतो?" आणि राहिलेलं ओवाळून तबक खाली ठेवलं.

मी ओवाळणी घातली. पण खरं सांगतो, मला हायसं वाटलं. म्हणजे वाढदिवस अजून झालेलाच नव्हता. मी मुलीला बोलावून गंभीरपणे सांगितलं की आपली तिथी चुकली, खरा दिवस तीन आठवड्यांनी आहे, उरलेलं वाचन आता त्याच दिवशी. तोवर पुस्तक कपाटात वरच्या फळीवर.

"म्हणजे शिरा परत?"

"बिल्कुल परत."

तिचं समाधान झालं. मला तीन आठवडे मिळाले.

या तीन आठवड्यांत मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी नवव्या अध्यायाला एक परिच्छेद लिहायला बसलो. विचार असा की कागद पुस्तकात ठेवायचा, दाराचा प्रसंग वाचून झाला की आवाज न बदलता कागदावरचं वाचायचं. पाणमांजर परत येईल, शिरा खाल्ला जाईल, कुणाला काही कळणार नाही. गोष्ट तर मी शेकडो वेळा सांगितलेली होती. स्कूटरवर ती आपोआप यायची. टेबलाशी बसल्यावर चौदा वर्षांची सरकारी नोकरी हातात आली. पहिला मसुदा असा झाला: "सदर पाणमांजर पहाटेच्या सुमारास परत आले. सोबत एक मासा होता." दुसऱ्यात मी 'सदर' काढलं तर त्या जागी 'उपरोक्त' आलं. पाचव्या मसुद्यापर्यंत पाणमांजर परत आलं, पण ते बदलीवरून रुजू झाल्यासारखं. तोच कागद घडी करून पुस्तकात ठेवला.

खरी षष्ठी रविवारी आली. थंडी सुरू झाली होती. आमच्या गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्यांच्या मध्ये दुपारी छान ऊन यायचं. आम्ही सतरंजी टाकली, शिऱ्याचा डबा, भुईमुगाच्या शेंगा, संत्री. बायको विणकाम घेऊन बसली. हे विणणं ती दिल्लीतच शिकली होती आणि तोंड मिटून ऐकायचं असलं की सुया हातात घ्यायची. मुलगी पालथी पडून, हनुवटी हातांवर. चौथ्या अध्यायापासून मी वाचायला लागलो.

ती या वेळी एकदाही मध्ये बोलली नाही. पाणमांजर बोटीवाल्याशी भांडतं तिथे हसली. सावल्यांच्या बाजारात ते आपली सावली विकायला नकार देतं तिथे म्हणाली, "बरोबर." आठवा अध्याय संपला. तिने संत्र्याची फोड तोंडात घातली आणि उठून मांडी घालून बसली. बायकोच्या सुया चालूच होत्या.

मी नववा अध्याय वाचला. दार आलं. कागद पानांत होता, त्याची कडा माझ्या अंगठ्याला लागत होती. "हो पुढे. मी दार लावून येतो." हे वाक्य मी वाचलं आणि कागदाकडे पाहिलं. सोबत एक मासा होता. मला ते वाचवेना. मोठी तत्त्वनिष्ठा वगैरे काही नव्हती. त्या वाक्यानंतर माझं वाक्य फारच वाईट दिसत होतं, एवढंच. शिवाय ज्यांचा वाढदिवस त्यांच्याच पुस्तकात त्याच दिवशी खाडाखोड करायची, हे मला सरकारातही जमलं नसतं. मी पान उलटलं आणि छापलं होतं तसं वाचत गेलो. दहावा. मुलगी दोन पत्रावळी मांडते.

"पत्रावळी म्हणजे?"

"पत्तल."

"अच्छा."

अकरावा. बारावा. एक पत्रावळ.

मी थांबलो. खाली कुणाचा तरी प्रेशर कुकर वाजला.

"पुढे?" ती म्हणाली.

"पुढे तिचं गाव सापडतं."

"आणि तो?"

"तो नाही येत."

"लास्टमध्ये पण नाही?"

"नाही."

"पण तो मासा घेऊन येतो. तुम्हीच सांगितलं."

"ते मी सांगितलं होतं. पुस्तकात तसं नाहीये."

"म्हणजे झूठ?"

"तुला ताप होता," मी म्हणालो. "फार ताप होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. रडेल असं मला वाटत होतं, आणि त्यासाठी मी एक संत्रं सोलून तयार ठेवलं होतं. ती रडली नाही.

"ताप उतरल्यावर सांगायचं ना."

मी बायकोकडे पाहिलं. ती टाके मोजत होती.

मुलीने माझ्या हातातून पुस्तक घेतलं, टाकीच्या पलीकडे जाऊन आमच्याकडे पाठ करून बसली आणि नवव्या अध्यायापासून स्वतः वाचायला लागली. बोट ओळीवर, ओठ हलतायत. अक्षरं हिंदीचीच, त्यामुळे तिला वाचता येत होतं. पण मराठी पुस्तक तिने याआधी कधी आपणहून उघडलं नव्हतं. आमच्या घरी त्यासाठी मी दोन वर्षं आरडाओरडा केला होता. आता ती माझ्यावर विश्वास उरला नाही म्हणून वाचत होती. मधूनमधून तिकडूनच ओरडून विचारायची. "बांध म्हणजे डॅम ना?" "हो." "निथळत कुठे लिहिलंय?" "नाही लिहिलेलं." "बघतेय मी."

अर्ध्या तासाने ती आली. हातात माझा कागद होता. मी तो पुस्तकातून काढायला विसरलो होतो.

"हे कोणी लिहिलंय?"

"मी."

"हे बेकार आहे, बाबा." तिने पुन्हा एकदा वाचलं. "मासा 'सोबत' कसा येईल? स्कूटरवर तुम्ही चांगलं सांगायचे."

"तू पुस्तकातलं वाचलंस का पण?"

"वाचलं." ती सतरंजीच्या कडेला बसली. "मरतो असं नाही लिहिलं कुठे. दार लावून येतो असं लिहिलंय. ती मुलगीच वाट बघणं बंद करते."

मी ते पान पुन्हा पाहिलं. खरंच तसं होतं. मी बसमध्ये वाचताना ते बुडालंच असं धरून चाललो होतो, तशी खात्री लेखकाने कुठेच दिली नव्हती.

"म्हणजे येईल?" मी विचारलं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "तुम्हाला पण नाही माहीत. तुम्ही आता काही सांगू नका." आणि पुस्तक बगलेत मारून खाली निघून गेली. शिरा तिने खाल्ला नाही. संत्रं नेलं.

मी शेंगांची टरफलं गोळा करत बसलो. ऊन टाक्यांच्या मागे गेलं होतं. बायको खाली जाऊन चहा करून परत वर आली, सतरंजीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि झटकता झटकता म्हणाली, "विचारत होती, बाबांनी सांगितलेलं आणखी काय काय पुस्तकात नाहीये. मी म्हटलं, लग्न झाल्यापासून मलाही हेच विचारायचंय. आधी तुझं होऊ दे, मग मी बसते. चला, चहा गार होतोय."